ओले अंग आणि वारा



मागच्या महिन्यात आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच संदेश तीन जणांनी तीन वेळा पाठवला. जेवणानंतर थंड पाणी प्यायले की पोटातले तेल गोठते, त्याचा थर आतड्यांना बसतो आणि पुढे कर्करोग होतो, असा त्यातला मजकूर. शेवटी दहा जणांना पाठवण्याची आज्ञा. महिला मंडळाच्या सभेनंतर दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, तुम्ही आरोग्याचे काम करता. खरे आहे का हो हे?"

खरे नाही. पोट म्हणजे बाहेर ठेवलेली कढई नव्हे. ते सदतीस अंशांच्या शरीराच्या मधोमध आहे, चहूबाजूंनी गरम रक्त खेळते आहे. फ्रिजमधले पाणी पोटात गेले की थोड्याच वेळात शरीराइतकेच गरम होते, आणि जेवणातले तेल पचवायला पित्त आणि पाचकरस असतात, त्यांचे काम एका पेल्याने अडत नाही. कुणाचे दात शिवशिवतात, कुणाचे डोके चढते, कुणाचा आधीच दुखणारा घसा जास्त दुखतो. अशांनी साधे पाणी प्यावे. बाकी सर्दी होते ती विषाणूंमुळे. ती माठाच्या पाण्यातून येत नाही.

पण त्या संदेशाचा मला राग आला तो खोटेपणामुळे कमी आणि दुसऱ्या एका कारणाने जास्त. थंडाव्याची भीती आपण चुकीच्या जागी ठेवली आहे. प्यायच्या पेल्याला आपण घाबरतो, आणि अंगावर राहिलेल्या दोन चमचे पाण्याकडे आपले लक्षही नसते. सातपुड्यातल्या पाड्यांवर मी सोळा-सतरा वर्षे फिरते आहे. पेलाभर थंड पाणी पिऊन कुणी दगावल्याचे मला ठाऊक नाही. दोन चमचे पाण्याने जीव जाता जाता राहिलेला मी पाहिला आहे, आणि ते पाणी मीच घातले होते. तेच आज या पाठात सांगायचे आहे. त्याआधी थोडे गणित.

पोटातले पाणी आणि कातडीवरचे पाणी

एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते तिला एक कॅलरी म्हणतात, हे आपण शाळेत शिकलो. (आहाराच्या तक्त्यावरची 'कॅलरी' याच्या हजारपट मोठी असते, ती इथे नको.) फ्रिजमधले पाच अंशांचे पाव लिटर पाणी तुम्ही प्यायलात, तर ते सदतीस अंशांवर आणायला शरीराचे ८,००० कॅलरी खर्च होतात. साठ किलो वजनाच्या माणसाचे सबंध शरीर एक अंशाने उतरवायचे तर सुमारे ५०,००० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे पेलाभर गार पाण्याने तुमचे तापमान फार तर एक षष्ठांश अंश उतरेल, आणि शरीर तेही लगेच भरून काढील.

आता तेच पाव लिटर पाणी पिऊ नका. अंगावर शिंपडा आणि वाऱ्यावर वाळू द्या. पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे साधारण ५८० कॅलरी लागतात. पाव लिटरला झाल्या १,४५,००० कॅलरी. प्यायलेल्या पाण्याच्या अठरा पट! आणि यात गंमत अशी की ते पाणी थंड असण्याची गरजच नाही. कोमट पाणीही वाळताना उष्णता तेवढीच नेते.

माठ याच नियमावर चालतो. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेरच्या अंगाला वाळते, आणि वाळताना आतल्या पाण्यातली ऊब घेऊन जाते. जुन्या माठाची छिद्रे बुजली की तो पाणी गार करीत नाही, आणि कोकणात पावसाळ्याच्या दमट हवेत नवा माठसुद्धा रुसतो, कारण पाणी वाळायला हवेत जागाच नसते. मत्तय १०:४२ मध्ये प्रभू येशू लहानातल्या एकाला दिलेल्या थंड पाण्याच्या प्याल्याविषयी बोलतो. तेव्हा फ्रिज नव्हते. थंड पाणी द्यायचे म्हणजे कुणीतरी नुकतेच विहिरीवर जाऊन आलेले असणार, किंवा मातीचे भांडे आठवणीने सावलीत भरून ठेवलेले असणार. त्या प्याल्यात कुणाची तरी पायपीट होती.

१७५८ साली बेंजामिन फ्रँकलिन यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे जॉन हॅडली नावाच्या प्राध्यापकांबरोबर एक प्रयोग केला. उष्णतामापीच्या फुग्याला ईथर लावायचे, ते भात्याने वारा घालून वाळवायचे, पुन्हा लावायचे, पुन्हा वारा. ईथर पाण्यापेक्षा कितीतरी झपाट्याने उडून जाते. खोलीत सुखद हवा होती, अठरा अंशांच्या आसपास. पण पारा उतरत उतरत शून्याच्या खाली चौदा अंशांवर गेला आणि फुग्यावर बर्फ जमले. पुढे एका मित्राला लिहिलेल्या पत्रात फ्रँकलिन यांनी यावरून अनुमान काढले, की अशा रीतीने ऐन उन्हाळ्यातही माणसाला गोठवून मारणे शक्य आहे. वाचताना हसू येते. मला मात्र ते वाक्य प्रथम वाचले तेव्हा हसू आले नव्हते.

रविवारच्या शाळेत हा पाठ घेणार असाल तर ईथर नको. मुलांना एक हात कोरडा ठेवायला सांगा, दुसऱ्याची मागची बाजू कोमट पाण्याने ओली करायला सांगा आणि दोन्हींवर फुंकर मारू द्या. तोंडातली हवा तीच, पाणी कोमट, तरी ओला हात गार पडतो. मोठ्यांच्या सभेतही हे करून पाहण्यासारखे आहे.

कोमट पाण्याची आंघोळ

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा करून मी नुकतीच धडगाव तालुक्यात कामाला लागले होते. आरोग्याचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण झाले होते, आणि त्यात स्वच्छतेवर फार भर होता. माझ्या पिशवीत साबण, ब्लेडची नवी पाकिटे, दोरा, पांढरे कापड. मला वाटायचे, मी सर्व जाणते.

जानेवारीचा महिना होता. सातपुड्यात तेव्हा पहाटे पारा दहाच्या खाली जातो. अक्कलकुव्याकडच्या डाब भागात काही वर्षी गवतावरचे दवही गोठते. हवेचे तापमान शून्याच्या वर असले तरी ते गोठते, कारण निरभ्र आणि निवांत रात्री गवताची पाती आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. हे आपल्या देशातल्या लोकांना जुन्या काळापासून माहीत आहे. बर्फाचे कारखाने नव्हते तेव्हा अलाहाबादकडे खड्ड्यात उसाची चिपाडे पसरून त्यांवर मातीच्या उथळ परळांत रात्री पाणी ठेवीत आणि पहाटे बर्फ गोळा करीत. सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली त्याची हकिकत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवली होती. वस्तू नुसती उघडी राहिली तरी ऊब गमावते. ओली आणि उघडी राहिली तर दोन्हीकडून गमावते. हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

त्या पाड्यावर एक बाई पहाटे घरातच बाळंत झाली. मी पोचले तेव्हा उजाडत होते. घर कुडाच्या भिंतीचे, फटींतून वारा येत होता. घरातल्या आजीने बाळ कोरड्या लुगड्याने पुसून आईच्या कुशीत दिले होते, वरून गोधडी. चूल पेटलेली. बाळ लहानखुरे, दोन किलोच्या आतबाहेर असेल. अंगाला तो पांढरा चिकट लेप होता, केसांत रक्त वाळलेले. मला ते पाहवेना. मी म्हणाले, आधी आंघोळ.

आजी म्हणाली, "राहू दे ना बाई. आज नको."

मी ऐकले नाही. पाणी तापवायला लावले, कोपराने पाहून कोमट केले, साबणाने बाळ छान धुतले. पाण्यात असेपर्यंत ते रडले, लाल झाले, सगळ्यांना बरे वाटले. मग मी त्याला माझ्या पांढऱ्या कापडात गुंडाळले. कापड लगेच ओले झाले. दुसरे कापड नव्हते. डोके ओलेच राहिले. मी नाळ पाहत बसले, मग वहीत नोंद करीत बसले. अर्धा तास गेला असेल.

आईने बाळ छातीला लावले तर ते ओढीना. रडेही ना. मी म्हटले, दमून झोपले. आजीने मात्र उलट्या हाताने आधी त्याचे तळवे पाहिले, मग पोट पाहिले, आणि माझ्याकडे न बघता ते ओले कापड काढून फेकले. आपली चोळी सोडली, उघडे बाळ छातीशी धरले, त्याच्या डोक्यावरून पदर घेतला, वरून गोधडी ओढून चुलीपासून हातभर अंतरावर बसली. कुणाशी बोलली नाही. मी प्रार्थना करीत होते, पण खरे सांगायचे तर ती प्रार्थना बाळासाठी किती आणि माझ्या चुकीवर पांघरूण पडावे म्हणून किती, हे मला आजही सांगता येत नाही.

दोन तास ती तशीच बसली. मग बाळाने तोंड हलवले.

काय झाले होते

पाणी थंड नव्हते, हे पुन्हा सांगते. दोन किलोच्या बाळाच्या अंगावर, केसांत आणि कापडात मिळून दोन लहान चमचे म्हणजे दहा ग्रॅम पाणी राहिले असे धरा. ते वाळायला ५,८०० कॅलरी लागतात. एवढे छोटे शरीर एक अंशाने उतरायला सुमारे १,७०० कॅलरी गेल्या तरी पुरतात. सगळी उष्णता बाळानेच पुरवली तर हिशेब तीन अंशांच्या वर जातो. प्रत्यक्षात थोडी हवेतूनही येते आणि बाळ स्वतःही ऊब तयार करते, म्हणून इतके उतरत नाही. पण नवजात बाळाचे तापमान ३६.५ च्या खाली गेले की ते गार पडू लागले असे समजतात, ३६ च्या खाली धोका आणि ३२ च्या खाली अगदी शेवटची वेळ. मुळात जागाच थोडी आहे. ओले आणि उघडे बाळ पहिल्या दहा-वीस मिनिटांत दोन अंश किंवा त्याहूनही अधिक उतरू शकते.

शिवाय बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने त्याची कातडी आपल्या जवळजवळ अडीच पट आहे, म्हणजे ऊब जायला दारे अडीच पट. त्यात डोके मोठे. आपल्याला थंडी वाजली की आपण कुडकुडतो आणि स्नायूंच्या हालचालीतून ऊब मिळवतो, नवजात बाळाला ते साधत नाही. त्याच्या मानेजवळ आणि पाठीशी देवाने एक खास तपकिरी चरबी ठेवली आहे, ती जाळून ते ऊब करते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तीही पुरेशी नसते. ती जाळताना प्राणवायू आणि रक्तातली साखर खर्च होते. साखर उतरली की बाळ मलूल होते, मलूल झाले की दूध ओढत नाही, दूध नाही म्हणून साखर आणखी उतरते. या फेऱ्यात सापडलेले बाळ शांत दिसते. रडत नाही म्हणून घरचे म्हणतात, गुणी आहे.

म्हणून आता जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवावी. पांढरा लेप घाण नाही, तो पुसून काढू नये. जन्मतःच अंग कोरडे करावे, ओले कापड फेकून दुसरे कोरडे घ्यावे, डोक्यावर टोपडे घालावे आणि बाळ आईच्या उघड्या छातीवर द्यावे. आजीने माझ्याआधी जवळजवळ एवढेच केले होते.

बाळ गार पडले का हे पाहण्याची तिची रीतही आशाताईंच्या प्रशिक्षणात शिकवतात ती आहे. पोट आणि तळवे दोन्ही उबदार तर ठीक. पोट उबदार आणि तळवे गार, तर बाळ थंडीशी झगडते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी घेऊनच दवाखान्याची वाट धरा.

दाविदाचे पांघरूण

डिप्लोमाच्या वर्गात १ राजे अध्याय १ ची पहिली चार वचने आम्ही जरा घाईने ओलांडत असू. विषय अवघड होता आणि वर्गात मुले-मुली दोन्ही होती. दावीद राजा म्हातारा झाला, त्याच्यावर वस्त्रांवर वस्त्रे घातली तरी ऊब येईना. त्या राजवाड्याच्या रीतीचे समर्थन मी करीत नाही. अबीशगला कुणी विचारले होते असे दिसत नाही. पण त्या उताऱ्यात एक गोष्ट अचूक नोंदली आहे, ती ही की पांघरूण ऊब तयार करीत नाही. असलेली ऊब ते अडवून धरते, इतकेच. जिथे ऊब उरलीच नाही तिथे दहा गोधड्या घातल्या तरी आत गारठाच गुंडाळला जातो. मी बाळाला गुंडाळले होते ते असेच.

ऊब द्यायला ऊब असलेले काहीतरी लागते. उपदेशक ४:११ मध्ये तेच साधेपणाने येते, दोघे जवळ निजले तर उबेला येतात, एकट्याने कसे यावे? आणि २ राजे अध्याय ४ मध्ये अलीशा संदेष्टा शूनेमच्या बाईच्या मुलावर आपले अंग टेकून पडला, तेव्हा मुलाचे अंग ऊन होऊ लागले असे लिहिले आहे. तो चमत्कार होता, त्याला मी उष्णतेच्या गणितात बसवू पाहत नाही. पण संदेष्ट्याने दुरून हात हलवला नाही, हेही खरे.

१९७८ साली दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा येथे एडगर रे नावाच्या बालरोगतज्ज्ञांपुढे हाच प्रश्न होता. कमी वजनाची बाळे पुष्कळ, ऊब देणाऱ्या पेट्या थोड्या, एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे. त्यांनी बाळे आयांच्या छातीवर बांधली. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे, दोन स्तनांच्या मधे उभे, मान एका बाजूला वळवलेली म्हणजे श्वास मोकळा राहतो, पाय बेडकासारखे, आणि वरून कापडाचा पट्टा. त्यालाच आज कांगारू मातृसेवा म्हणतात. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत मिळून अभ्यास झाला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी ठेवले, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. ही सेवा बापालाही करता येते, आत्यालाही. आमच्या एका पाड्यावर चुलत्याने केली, लाजत लाजत.

आपल्या महाराष्ट्रातच, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. त्यात न्यूमोनिया आणि जंतुसंसर्गावरचे उपचार होते, तसेच बाळ उबदार ठेवणेही होते, अगदी त्यासाठी शिवलेल्या पिशव्यांसह. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी खाली आले. तो अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ पासून आशाताई देशभर घरभेटी देतात, त्या योजनेमागे हे काम आहे. पाड्यावर आशाताई आल्या तर आपल्या कार्यकर्त्यांनी बाजूला सरून त्यांना जागा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सेवा कुणाच्या नावावर जमा होते याची मोजदाद आपण करू नये.

एक धोका मात्र नवा आहे. आता पुष्कळ बाळंतपणे दवाखान्यात होतात, ही देवाची कृपा. पण घरी परतताना १०२ ची गाडी रस्ता संपतो तिथे सोडते, आणि पुढे बाळ मोटारसायकलवर. जानेवारीत, सकाळी, घाटात. तो वारा कुडाच्या फटीतल्या वाऱ्याहून कितीतरी वाईट. चालत न्यायचे असो की गाडीवरून, बाळ दुपट्यात गुंडाळून हातात धरू नये. आईच्या पदराआड, कातडीला कातडी लागून असावे, आणि ऊन वर आल्यावरच निघावे. घरात शेक द्यायचा तर धूर बाहेर जायला वाट हवी, बंद खोलीत निखारे ठेवू नयेत. गरम पाण्याची बाटली बाळाच्या अंगाला लावू नये, कातडी भाजते.

मे महिन्यात उलटे

नियम एकच, पण ऋतू बदलला की तोच नियम आपल्या बाजूने उभा राहतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, खाली तापीकाठच्या सपाटीवर, एका मेळाव्याच्या मांडवाचे काम चालले होते. बांबू वाहणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा दुपारी कोसळला. अंग चटका बसावा असे तापलेले, बोलणे असंबद्ध. भोवती गर्दी झाली आणि प्रेमाने जो तो थंड पेयाची बाटली त्याच्या तोंडाला लावू लागला.

इथे वरचे गणित आठवावे. तो पेला त्याला फार तर एक षष्ठांश अंश गार करणार होता, आणि शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या घशाखाली न उतरता श्वासनलिकेत जाण्याची भीती वेगळीच. आम्ही बाटल्या बाजूला केल्या. सावलीत नेऊन सदरा काढला, हंड्यातले पाणी अंगावर ओतले, ओली लुगडी टाकली, आणि मांडवातला मोठा पंखा त्याच्याकडे वळवला. चार बाया पुठ्ठ्यांनी वारा घालत होत्या. पेयांच्या पेटीतला बर्फ काखेत, मानेला आणि जांघेत. १०८ ला फोन आधीच गेला होता. गाडी येईपर्यंत पाणी आणि वारा थांबू दिला नाही. तो वाचला.

सातपुड्यातल्या त्या घरात जे मी बाळाचे अजाणता केले, तेच त्या मुलाचे जाणूनबुजून केले. ओले अंग आणि वारा. उष्माघातात तापाची गोळी उपयोगाची नाही. आणि उलट, साध्या तापात बर्फाच्या पाण्याने पुसू नये, कारण तापात शरीराने स्वतःच आपली पातळी वर ठेवलेली असते, गार पाण्याने कुडकुडी भरते आणि ताप आणखी चढतो. पूर्ण शुद्धीवर असलेल्या, उन्हाने नुसत्याच थकलेल्या माणसाला मात्र पाणी जरूर प्यायला द्यावे, थंड असले तरी चालेल.

पाळकांची क्षमा मागून एक सांगते. डिसेंबरात पहाटे नदीवर बाप्तिस्म्याचा विधी असतो. पाण्यातले दोन क्षण कुणाला बाधत नाहीत. त्यानंतर काठावर ओल्या कपड्यांनी, वाऱ्यात, तिसरे गीत संपेपर्यंत उभे राहिलेले म्हातारे मी पाहिले आहेत. कोरडे कपडे आधी, गीत नंतर.

हिवाळ्याच्या पेटीविषयी

आपण दरवर्षी प्रेमाने कपडे पाठवता. निर्गम २२:२६-२७ मध्ये गरिबाचे गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करायला सांगितले आहे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते. ते वचन आपण पाळता, त्याबद्दल पाड्यांच्या वतीने आभार. पण गेल्या वर्षी आलेल्या गाठोड्यांत मोठ्यांचे स्वेटर आणि नायलॉनच्या साड्या भरपूर होत्या. नायलॉन पाणी टिपत नाही, आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. यंदा शक्य झाल्यास धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती साड्या पाठवा. एका साडीतून बाळ पुसायची आणि गुंडाळायची चार-पाच कापडे होतात, आणि एका बाळंतपणाला निदान तीन तरी कोरडी कापडे हाताशी हवीत. मला त्या दिवशी दुसरे एक हवे होते. शिवणकाम येणाऱ्या भगिनींनी टोपडी आणि कुंच्या शिवाव्यात, अगदी लहान मापाच्या. बाजारात मिळतात त्या तीन महिन्यांच्या गुटगुटीत बाळाच्या मापाच्या असतात, आमच्या दोन किलोच्या बाळाच्या नाकावर येतात. साबण आपल्या पेटीत पूर्वीपासून असतो. तो राहू दे, पण आता त्याच्यावर आम्ही चिठ्ठी लावतो, की हा आईच्या आणि सुईणीच्या हातांसाठी आहे.

त्या दिवशीची मुलगी आता दहावीत आहे. तिच्या काकूला मागच्या हिवाळ्यात मुलगा झाला, दवाखान्यात, आणि तिसऱ्या दिवशी घरी आणला. मी भेटीला गेले तेव्हा आजी अंगणात उन्हात बसली होती, नातू पदराखाली, फक्त टोपडे बाहेर. आजी त्या घरात मला अजून 'आंघोळवाली बाई' म्हणते. मी जवळ जाऊन बाळाचे तळवे पाहायला हात पुढे केला, तर तिने आधी माझा हात धरून पाहिला.

"गार आहे," ती म्हणाली. "चुलीवर शेकून ये, मग बघ."